कित्ता

"फक्त खाली ओढ. बाकीचं तो बघून घेतो."

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी हे वाक्य फोनवर बोलले, ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी राहून. तिकडे देवगडला वैनी घरामागच्या गडग्यावर बसली होती, कारण आमच्याकडे रेंज येते ती गडग्यावर, तीही माडाकडे तोंड केलं तर. मांडीवर माझा जुना लॅपटॉप, त्यात एक्सेल उघडलेलं. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून चार्जरची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढलेली. मागे कोंबड्यांचा कलकलाट, मध्येच दादाचं "अगो, च्या?" ऐकू येत होतं. माझ्या पुढचा माणूस रिक्षात बसला, रांग सरकली. मी ओढ म्हटलं, तिनं ओढलं, "इले गो आकडे सगळे!" म्हणून ओरडली. मी शाबास म्हटलं आणि फोन ठेवला.

एवढंच झालं. पण ते वाक्य तेव्हापासून आंब्याच्या शिरेसारखं माझ्या दातात अडकून बसलंय. हापूसला शिरा नसतात, तेव्हा रायवळाच्या म्हणू.

आंब्याच्या पेट्या घरपोच पाठवायची कल्पना वैनीचीच. वाशीच्या बाजारात दलालाकडे माल भरायचा आणि त्याच्या हिशोबाच्या पट्टीची वाट बघत बसायचं, याला ती कंटाळली होती. मुंबई-पुण्यातल्या ओळखीपाळखीच्यांचे नंबर तिनं गोळा केले, माझ्या ऑफिसातल्या बायकांनाही सोडलं नाही, आणि पहिल्याच वर्षी ५८ गिऱ्हाइकं झाली. त्यात मीही एक. दादाचं म्हणणं, वहीत लिही. वैनीचं म्हणणं, ५८ माणसांचं वहीत कोण करीत बसणार, रोज कोणीतरी एक पेटी वाढवतंय, कोणी पाच डझनीची सहा डझनी करून मागतंय, खाडाखोड होऊन वहीचं पंचांग होईल. मी म्हटलं, एक्सेलमध्ये कर, सोपं असतं. ऑफिसात दिवसभर तेच करत असल्यामुळे ते मला सोपं वाटतं. दादानं लॅपटॉप उघडून एकदा खाली किती ओळी आहेत ते बघितलं, कुणा शिकलेल्या पुतण्यानं त्याला ते करून दाखवलं होतं. १०,४८,५७६. "आमची कलमा तीनशे," म्हणाला, "ह्येंका धा लाख ओळी कित्या होये?" आणि उठून गेला.

त्या फोनवरच्या शिकवणीतली एक गोष्ट मात्र मला अजून आठवली की हसू येतं. मी सांगितलं, आधी बरोबरचं चिन्ह टाक. पलीकडे शांतता. मग वैनी म्हणाली, "आधी? गणित करूच्या आधीच बरोबर म्हणान टाकूचा?" खरंच की. शाळेत बरोबरचं चिन्ह शेवटी येतं, सगळं मांडून झालं की. इथं आधी बरोबर म्हणायचं आणि मग काय ते सांगायचं. २० वर्षं मी ते चिन्ह दाबतेय, माझ्या कधी मनात आलं नव्हतं. ते पुढे नसेल तर तुम्ही लिहिलेलं सगळं त्याला नुसतं अक्षर वाटतं, गणित वाटतच नाही, असं काहीतरी मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या घरातल्या पुरुषांसारखाच. आधी बरोबर म्हटला, मगे ऐकतत."

एक्सेलमधल्या सेलला, म्हणजे एकेका चौकटीला, ती घर म्हणते. बी दोनचं घर, सी दोनचं घर. सारीपाटात, ठिकरीच्या आखणीत असतात तशी घरं. मला तो शब्द इतका आवडला की मीही तोच वापरायला लागले, ऑफिसात एकदा तोंडून निसटलाही. तर बी दोनच्या घरात पेट्या, सी दोनच्या घरात पेटीचा दर, आणि डी दोनमध्ये एकूण रक्कम. उजवीकडे लांब कोपऱ्यात एच एकच्या घरात टेम्पोचं भाडं, पेटीमागे ९० रुपये. त्याच्या खाली एच दोनमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याचे ६५, ते फक्त आपल्या माहितीसाठी, गिऱ्हाइकाला लावायचे नव्हते. मी सूत्र सांगितलं, तिनं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं: =बी२*सी२+बी२*एच१. पहिलं गिऱ्हाईक, दोन पेट्या, दर ३,०००. उत्तर आलं ६,१८०. तिनं ते तोंडी करून बघितलं. बरोबर. मग मी म्हटलं, त्या घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारकासा चौकोन दिसतोय? त्यावर बाण नेला की बारीक काळी फुली होते. ती धरायची, आणि...

पुढचं वाक्य सांगून झालंय.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी गावी गेले. नांदगावच्या तिठ्यावरून गाडी आत वळली की जमिनीचा रंग बदलतो, कातळ सुरू होतो, आणि त्या दिवसांत खिडकीतून पिकलेल्या आंब्याचा आणि वाळत घातलेल्या काजूच्या बोंडांचा मिळून एक आंबूस गोड वास येतो, त्याला मी नाव देऊ शकलेले नाही. घरी सीझन उताराला लागला होता. खळ्यात भाताचं गवत विस्कटलेलं, पडवीत आंबे उतरवायचे झेले भिंतीला टेकवून ठेवलेले, माजघरात आढीतला शेवटचा माल. गुरखे गावाला जायच्या तयारीत, त्यांचे हिशोब चालले होते. आभाळ दुपारनंतर भरून यायचं आणि न पडताच जायचं. सगळ्यांचा जीव त्या आभाळात, कारण अजून कुंपणापलीकडची १० कलमं उतरवायची बाकी.

रात्री जेवणं झाल्यावर वैनी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. आवाज खाली. दादा झोपाळ्यावर होता, त्याला ऐकू जाऊ नये अशी. म्हणाली, "ताई, जरा बघशील? माझी बेरीज खयतरी चुकता. पैशे कमी पडतत." मी विचारलं किती. म्हणाली, टेम्पोवाल्याला भाड्याचे १९ हजार द्यायचे होते, ते गिऱ्हाइकांच्या पैशात बसायला पाहिजेत तर बसत नाहीत. तिनं तीन वेळा वहीवर मांडून बघितलं होतं. वसूल झालेले पैसे आणि शीटमधली बेरीज जुळत होती, रुपयाचाही फरक नाही. म्हणजे कोणी बुडवलं नव्हतं. तरी पैसे कमी. मग टेम्पोवाला दारात उभा राहिला तेव्हा तिनं काजूबीचे पैसे काढून दिले.

काजूबीचे पैसे म्हणजे काय, हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. आंबा घराचा असतो, काजूबी तिची असते. फेब्रुवारीपासून पहाटे उठून झाडाखाली पडलेली बोंडं वेचायची, बी पिळून वेगळी करायची, उन्हात सुकवायची, आणि व्यापारी दारावर आला की डब्यात टाकायचे ते पैसे. त्या डब्याला दादासुद्धा हात लावत नाही. वैनीनं डबा रिकामा केला आणि हे तिनं दादाला सांगितलेलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर "तुझ्या त्या लॅपटॉपपेक्षा वही बरी होती," हे वाक्य ऐकावं लागलं असतं. ते तिनं मग तसंही दोन-तीनदा ऐकलं होतंच.

मी कंट्रोल दाबून धरला आणि एकच्या डावीकडची ती तिरपी खूण दाबली. असं केलं की आकडे जातात आणि प्रत्येक घरातलं सूत्र उघडं पडतं. डी दोन: शेवटी एच१. ठीक. डी तीन: शेवटी एच२. डी चार: एच३. डी पाच: एच४. खाली खाली, थेट एच५८ पर्यंत. मी फक्त तो शेवटचा तुकडा वाचत गेले आणि माझे कान तापले.

पहिल्या गिऱ्हाइकाला भाडं लागलं होतं. दुसऱ्याला भाड्याऐवजी पेटीमागे खोक्याचे ६५ लागले होते. तिसऱ्यापासून अठ्ठावन्नाव्यापर्यंत कोणालाच काही लागलं नव्हतं, कारण एच तीन आणि त्याखालची घरं रिकामी होती, आणि रिकाम्या घराला तो शून्य धरतो. २१२ पेट्या गेल्या होत्या. १९,०८० रुपये भाड्यातले ३७५ वसूल झाले होते. तूट १८,७०५.

एकही लाल खूण नव्हती. काही चुकलं की घरात # या खुणेनं सुरू होणारे जे भीतीदायक शब्द येतात, त्यातलं काहीच नाही. सगळे आकडे निवांत उजवीकडे टेकून बसलेले. आमच्याकडे साका धरलेला आंबा असतो तसं. वरून रंग सोन्याचा, देठाला खांदे आलेले, वास असा की पोटात भूक उठावी, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. बाहेरून कळत नाही, बागायतदाराच्या तिसऱ्या पिढीलाही कळत नाही. दापोलीच्या विद्यापीठानं हापूस आणि नीलमचा संकर करून १९८१ साली रत्ना काढला तो साका धरत नाही, पण माणसं अजून हापूसच मागतात, साक्यासकट. आकड्यांचंही तसंच असावं. ज्या शीटमध्ये चूक ओरडते ती शीट बरी म्हणायची.

आणि मला ते दिसायला हवं होतं, हे आणखी वाईट. माझ्याच नावावर दोन पेट्या होत्या. वैनीनं मला ६,००० चं बिल पाठवलं होतं आणि मी ते लोकलमध्ये उभ्याउभ्या भरलं होतं. ६,०००. शेवटी तीन शून्यं. पेटी ३,००० ची, भाडं ९०, तर आकडा असा गुळगुळीत येईलच कसा? भाड्याचा हिशोब शिकवणारीच मी. माझ्याच बिलात भाडं नव्हतं आणि मला ते स्वस्तसुद्धा वाटलं नाही, मी बघितलंच नाही.

सूत्र खाली ओढलं की तो उत्तर उतरवत नाही, नातं उतरवतो. डी दोनच्या घरात उभं राहून त्याला एच१ हे नाव ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ते 'इथून चार घरं उजवीकडे आणि एक घर वर' असं असतं. खालच्या घरात गेला की तो तिथून चार घरं उजवीकडे आणि एक घर वर बघतो. प्रामाणिकपणे बघतो. आमच्या वाडीत पत्ता असाच सांगतात. वहाळ उतरलास की उजव्या हाताचं दुसरं घर. सांगणारा आपल्या अंगणात उभा राहून सांगतो, आणि ऐकणारा पोस्टाच्या बाजूनं येत असतो. मागे एक कुरिअरवाला पोरगा असाच माझ्या चुलत्याचं पार्सल भलत्याच घरात देऊन गेला होता, आणि त्या घरानं ते उघडून बघून, चहा देऊन, परत पाठवलं. नात्यांचंही तेच आहे म्हणा. माझा काका माझ्या मुलाचा काका होत नाही, आजोबा होतो. माणूस तोच, बघणारा एक ओळ खाली सरकला.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून मी कपाटातून बाबांच्या वह्या काढल्या. बाबांना जाऊन ११ वर्षं झाली. लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या, उघडल्या की डांबरगोळीचा आणि तपकिरीचा वास. बाबांना पाढे नुसते तीसपर्यंत नव्हे तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसकट यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 'साडेचार डझन गुणिले' असं ते कधी म्हणत नसत, ओठ हलायचे आणि उत्तर यायचं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' आणि समोर आकडा. दर आणि भाड्याच्या रकान्यात वरच्या ओळीत आकडा, आणि खालच्या सगळ्या ओळींत एकच शब्द, तिरका, शेपटी ओढून: कित्ता. कित्ता, कित्ता, कित्ता. शाळेत अक्षर गिरवायचो तोही कित्ताच, आणि वहीत 'वरच्याप्रमाणे' म्हणायचं तेव्हाही कित्ताच. लहान असताना मला वाटायचं, कित्ता नावाचं कोणी गिऱ्हाईक आहे आणि ते फार आंबे घेतं.

कित्त्यात काही हलत नाही. वरचं जसंच्या तसं खाली. बाबांची वही सगळं जागच्या जागी धरून ठेवायची आणि जे बदलायचं ते बाबांच्या डोक्यात बदलायचं. कॉम्प्युटरचं उलटं, तो सगळंच हलवतो, आणि जे हलू नये ते आपण बांधून ठेवायचं असतं. वैनी वहीतल्या माणसांच्या घरात वाढलेली. भाडं एकदा वर लिहिलं की खाली कित्ता, हे तिनं गृहीत धरलं तर त्यात तिचं काय चुकलं? तो हलवतो हे सांगायचं काम माझं होतं.

इथं मला बाबांच्या वहीची आरती ओवाळता आली असती, आणि दादाचं खरं ठरलं असतं. पण ९६ सालच्या वहीत एका पानावर समासात बाबांच्याच अक्षरात लिहिलंय, 'टेम्पो १६'. म्हणजे भाडं १४ वरून १६ झालं. आणि रकान्यात खाली कित्ता, कित्ता, सीझन संपेपर्यंत. चौदाचाच कित्ता. पानाची बेरीज चुकलेली, ती 'मागील पानावरून पुढे' गेलेली, पुढच्या पानावरून त्याच्या पुढच्या. मी मोबाइलच्या उजेडात बोटानं मोजत बसले. आधी मला बरं वाटलं, बाबाही चुकायचे म्हणून. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. आईनं त्या वर्षी कुठला डबा रिकामा केला असेल, हे आता कोणाला विचारणार?

सकाळी उठले तर वैनी मागच्या दारी होती. पावसाआधी रोपांच्या पिशव्या भरून ठेवायचं काम. आमच्याकडे थोडीशी कोय कलमं घरीच करतात, बाबांच्या वेळेपासून. मिरगाचा पाऊस लागला की रुजत घातलेल्या कोयींना तांबूस, मऊ पानांची रोपं येतात. रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, चांगल्या कलमाची डोळे फुगलेली काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. त्याआधी भेट कलम असायचं, रोपाची कुंडीच मोठ्या झाडाच्या फांदीला नेऊन भिडवायची, दोघांची साल तासून एकत्र बांधायची. भेट हा शब्द ज्यानं त्याला दिला त्याला माझा नमस्कार. कारण हापूसची कोय पेरून हापूस येईलच याची खात्री नाही, येतो तो बहुतेक भलताच कोणी रायवळ. हापूस हवा तर काडीच उतरवून घ्यावी लागते. म्हणजे देवगडच्या कातळावर जे काही उभं आहे ते सगळं उतरवलेलंच. काडी सगळीकडे तीच, आणि पाणी जिथं लावलं तिथलं. वैनीला हे मी काय सांगणार? हात तिचे बरबटलेले होते, सूत्र खाली ओढल्यावर काय होतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, फक्त कोणी तिला ते तिच्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

मी तिथंच पिशव्यांशेजारी बसून सांगून टाकलं. चूक बेरजेची नाही. चूक तुझी नाही. मी अर्धंच शिकवलं. ती ऐकत राहिली, हातातली माती पिशवीत दाबत. मग म्हणाली, "म्हणजे माझी बेरीज बरोबर हुती." मी म्हटलं, हो. "तिनी येळा?" हो, तिन्ही वेळा. ती एवढी हसली की मला रडू यावं.

मग लॅपटॉप पुन्हा ओट्यावर. सूत्रातल्या एच१ वर कर्सर ठेव, म्हटलं, आणि एफ४ दाब. तिनं दाबलं, आणि स्क्रीनचा उजेडच गेला. त्या लॅपटॉपला एफ४ म्हणजे उजेड कमी करायचं बटण, डाव्या कोपऱ्यातलं एफएन सोबत धरावं लागतं. ते करेपर्यंत खरीच लाईट गेली. बॅटरी नाही, त्यामुळे सगळंच गेलं. अर्ध्या तासानं लाईट आली तेव्हा बाहेर पहिला वळीव कोसळत होता आणि दादा "दहा कलमा गेली" म्हणत खळ्यातून पळत होता. तिनं एफएन धरून एफ४ दाबलं. एचपुढे एक आणि एकपुढे एक अशा खुणा उमटल्या: $एच$१.

"आमी आंबे रुपयात इकतव," वैनी म्हणाली, "मगे ह्यो डॉलर खयसून इलो?"

डॉलरचा इथं पैशाशी काही संबंध नाही, ती नुसती खुंटी आहे, असं मी सांगितलं. एचपुढचा डॉलर रकाना बांधतो, एकपुढचा ओळ बांधतो. गुरं दोन दाव्यांनी बांधल्यासारखं. आपण फक्त खाली ओढणार असलो तर एकच्या पुढचा एक पुरतो, पण दोन्ही बांधलेले बरे, रात्री दावं तुटलं तर दुसरं असतं. मग मला तिची समजूत घालायची हौस आली. म्हटलं, अगं, २०१० साली हार्वर्डचा एक मोठा अर्थशास्त्रज्ञ आणि त्याची एक सहकारी, दोघांनी मिळून देशांच्या कर्जावर एक अभ्यास केला, जगभर गाजला. २०१३ साली एका विद्यार्थ्यानं त्यांची शीट उघडून बघितली तर सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं. पाच देश बाहेर राहिले, कोणाच्या लक्षात आलं नाही. वैनीनं विचार केला. "त्येंचे काजूचे पैशे तरी गेले नाय मां?" म्हणाली.

या शीटचं सगळं सुरू झालं तेही त्याच हार्वर्डात. १९७८ साली तिथं शिकणारा डॅन ब्रिकलिन नावाचा पोरगा वर्गात फळ्याकडे बघत बसला होता. फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता. एक आकडा बदलला की सरांना त्याच्या पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागायचे. त्याला वाटलं, फळ्यानंच हे करावं. बॉब फ्रँकस्टन या मित्राला घेऊन त्यानं १९७९ साली व्हिसिकॅल्क काढलं, एक्सेलचं पूर्वज म्हणा. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या जुन्या व्हिसिकॅल्कमध्ये सूत्र दुसरीकडे उतरवायला गेलं की ते प्रत्येक घराच्या नावापाशी थांबून विचारायचं: हे तसंच ठेवू, की सरकवू? एक अक्षर दाबलं की तसंच, दुसरं दाबलं की सरकव. प्रत्येक वेळी. कंटाळवाणं असणार. पण वैनीच्या मांडीवर ते असतं तर एच१ पाशी येऊन त्यानं तिला विचारलं असतं, आणि तिनं मला विचारलं असतं, आणि रिक्षाच्या रांगेतसुद्धा मला उत्तर द्यावं लागलं असतं. पुढे ते विचारणं गेलं, डॉलरची खूण आली, काम झटपट झालं. आता तो विचारत नाही. मीही तिला विचारलं नव्हतं, की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचं तोंडी करून बघ बरं, जुळतंय का.

गिऱ्हाइकांकडून राहिलेलं भाडं मागायचं का, यावर त्या दुपारी बराच खल झाला. मी म्हटलं, मी मेसेज लिहून देते, लोक समजून घेतील. वैनीनं मान हलवली. "आता काय सांगतलव त्येंका? आंबे खाऊन कोयी पण टाकल्यानी." दादाला सांगायचं का, तेही तिनंच ठरवलं. सांगितलं. मी धरून ठेवलं होतं की आता वहीचं कौतुक ऐकायला मिळणार. दादानं ऐकून घेतलं, ९६ सालचं पान मी मुद्दाम उघडून त्याच्यापुढे ठेवलं, ते चष्मा लावून वाचलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग टेम्पोवाल्याचे पैसे आंब्याच्या पैशातून काढून त्यानं वैनीच्या डब्यात ठेवले. सगळे नाही, १०,०००. उरलेले पुढच्या वर्षी म्हणाला. डब्याला हात लावताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

यंदा एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपवर वैनीची शीट आली. 'बघून ठेव' एवढंच खाली. ७३ गिऱ्हाइकं. एच एकचं घर हळदीसारखं पिवळं केलेलं, त्यात ११०, आणि शेजारच्या घरात: 'भाडां. हलवूचा नाय.' मी चहाचा कप बाजूला ठेवून तपासायला बसले. एक पेटीवाले ३,३१०. दोनवाले ६,६२०. तीनवाले ९,९३०. कुठेही गोल आकडा नाही, प्रत्येकाच्या शेवटी भाड्याचे दहा, वीस, तीस लोंबतायत. बघून इतकं बरं वाटलं.

मग एकतिसाव्या ओळीत माझं नाव आलं. दोन पेट्या, दर ३,२००, सगळ्यांना तोच. समोर ६,८००.

गोल आकडा. पुन्हा माझ्याच नावापुढे. पोटात धस्स झालं. मी त्या घरावर टिचकी मारली आणि वर सूत्र उघडलं:

=बी३१*सी३१+बी३१*$एच$१+१८०

गेल्या वर्षीच्या दोन पेट्या, ९० नं. बाकी ७२ ओळी मी वरपासून खालपर्यंत बघितल्या. शेवटचं +१८० दुसऱ्या कोणापुढे नव्हतं.

मी ६,८०० पाठवले. थोड्या वेळानं तिचा एक शब्द आला. "पावले."